नऊ नरसिंग, सगळे थोर

युरोपातले राजे मला टोपणनावांसकट तोंडपाठ आहेत. फ्रान्सचा टकल्या चार्ल्स, त्याच्या आधीचा बुटका पेपिन, लठ्ठ लुई, डेन्मार्कचा निळ्या दाताचा हॅराल्ड, रशियाचा भयंकर ईव्हान, हॉलंडचा मौनी विल्यम. झोपेतून उठवून विचारा, सांगतो! अख्ख्या लातूर जिल्ह्यात एवढी विद्या असलेला दुसरा कारकून असेल तर त्यानं हात वर करावा. मी वाट बघतो.

ही विद्या मी नांदेडला मिळवली. बी.ए.ला इतिहास घेतला होता. दुपारी कॉलेजातून निघायचं, गोदावरीच्या घाटावर पाय सोडून बसायचं आणि पाण्याकडं बघत राजे आठवायचे, हा माझा अभ्यास. पाणी हळू वाहायचं, राजेही हळूहळू यायचे. आमच्या घरच्यांना वाटायचं, पोरगं वाया गेलं. मला वाटायचं, एक दिवस ही विद्या कामाला येणार. ती कामाला आली तेव्हा काय झालं, तेच सांगतो.

१९८२च्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच धांदलीत मला तिथल्या एका नव्या कचेरीत नोकरी लागली. कचेरी इतकी नवी की दारावरच्या पाटीचा रंग हाताला लागायचा. फायली गोणपाटाच्या पोत्यांतून यायच्या. खुर्च्या सहा आणि माणसं अकरा, म्हणून जो लवकर यायचा तो बसायचा. माझं नाव निवृत्ती. पहिल्याच दिवशी आमच्या सिद्रामप्पा साहेबांनी माझा कागद हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'निवृत्ती यांची नेमणूक'. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आरं, निवृत्ती का नेमणूक? एक काय ते ठरव!"

मला त्याचं काही वाटलं नाही. नवा जिल्हा म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं नवं राज्यच होतं. पोत्यांच्या ढिगावर बसून मी बघायचो, की पुढं कधीतरी या राज्याचा इतिहास लिहिला जाईल आणि त्यात एक ओळ असेल: 'निवृत्ती थोर'. पीटर थोर, आल्फ्रेड थोर, तसाच मी. एवढं स्वप्न बघायला खुर्ची लागत नाही.

पहिलाच उन्हाळा दुष्काळाचा निघाला. मला टंचाई शाखा मिळाली. गावोगावच्या याद्या करायच्या आणि त्याप्रमाणे टँकर सोडायचे. नियम सोपा होता. गावात पाचशे माणसं भरली तर टँकरच्या दोन खेपा, एकही कमी भरलं तर एकच.

एका सोमवारी सिद्रामप्पा साहेबांनी नरसिंगवाडीची यादी माझ्यापुढं टाकली. ती मीच केली होती. गावाला न जाता, जुन्या रजिस्टरातून उतरवून. साहेबांनी तीवर तांबड्या शाईनं एवढ्या रेघा मारल्या होत्या की यादी लुगड्याच्या काठासारखी दिसत होती.

"हे काय हाय? नरसिंग ग्यानोबा बिरादार. परत नरसिंग ग्यानोबा बिरादार. परत नरसिंग ग्यानोबा बिरादार! नऊ येळा!"

"साहेब, असतील नऊ. गावचं दैवत नरसिंग. थोरल्या पोराचं नाव नरसिंग ठेवायचं, त्याच्या थोरल्याचं ग्यानोबा, परत त्याच्या थोरल्याचं नरसिंग. भावकी एकच."

"ते मला पटलं रे. वरच्या साहेबाला पटवून दे. त्यो म्हनतोय बोगस नावं हाईत. आठ घरं खोडली की मानसं भरत्यात चारशे सत्तर. दुसरी खेप गेली!" साहेबांनी आवाज खाली आणला. "शनवारी मी सोता गावात जाऊन हजेरी घेनार हाय. तंवर नऊ नरसिंग निरनिराळे करून दाखव. न्हाई जमलं तर दुसरी खेप शेजारच्या गावाला. पावसाळा लागस्तोवर नरसिंगवाडी एका खेपेवर!"

मी हसलो. खरंच सांगतो, हसलो! फ्रान्सात अठरा लुई होऊन गेले, इंग्लंडात आठ हेन्री. त्यांची कधी गल्लत झाली का? नाही! का नाही? कारण एक लठ्ठ, एक भोळा, एक थोर! गोदावरीच्या घाटावर मिळवलेली विद्या आज सरकारच्या कामी येणार होती. यादीत शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असतो. तो बहुधा रिकामाच राहतो. त्या रकान्यात मी प्रत्येक नरसिंगाला एकेक उपाधी देणार होतो.

आमच्या टायपिस्ट आबेदाआपा कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "निवृत्तीमियाँ, इस बार फॉर्मका मथळा तरी वाचा. तुम्ही सीधा खालीच उतरून राहिले."

आपा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. लातुरात त्यांच्या घराण्याचं जिल्दसाजीचं, म्हणजे पुस्तकं बांधायचं, दुकान होतं. कागद म्हटला की पहिल्या अक्षरापासून वाचायचा, हा घरचा रिवाज.

"आपा, मथळे काय वाचायचे? मथळे सगळे सारखेच!" असं म्हणून मी गठ्ठा पिशवीत टाकला. हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

मंगळवारी बसनं शिरूर अनंतपाळला उतरलो आणि पुढं तीन मैल चालत गेलो. ऊन असं की रस्ता समोर पाण्यासारखा हलत होता. मी मात्र मजेत होतो. माझ्या एका बाजूनं टकल्या चार्ल्स चालत होता, दुसऱ्या बाजूनं बुटका पेपिन. दोघांनाही घाम आला होता.

गावात गेलो तर पुरुष माणूस औषधाला नाही. सगळे रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलेले. आडाजवळ मात्र घागरींची रांग लागली होती. आड कोरडा ठाक. टँकर सकाळी येऊन गेला होता आणि पाणी निम्म्या रांगेतच संपलं होतं. उरलेल्या घागरी उद्यासाठी तिथंच होत्या. घागरींमागं लिंबाच्या सावलीत बाया बसल्या होत्या. मी चौकशी केली, तर नऊच्या नऊ नरसिंगांच्या कारभारणी त्यांच्यातच होत्या. नशीब बघा!

सगळ्यांत पुढं सरजाबाई होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी वही उघडली.

"मावशी, मालकाचं नाव सांगा."

सरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! धन्याचं नाव कसं घ्यावं?"

"बरं, राहू द्या. गावाचं नाव सांगा, म्हणजे वर लिहितो."

"तेबी नगं. त्यातबी त्येच हाय की!"

सगळ्या बाया खुदखुदल्या. मी म्हणालो, "नाव मला माहीत आहे. नऊ घरांत एकच नाव आहे. फक्त कोणता तुमचा, ते कळायला पाहिजे. आपण नंबर देऊ. तुमचे पहिले, या शेजारच्या मावशींचे दुसरे..."

"ओ दादा!" शेजारच्या नागुबाई ताडकन उठल्या. "दुसरा म्हनू नका! लोक इचारतील, हिचा पयला कुठं गेला?"

नंबर बाद झाले. मग मी विषयाला हात घातला. "असं करा, मालक कसे आहेत तेवढं सांगा. एका शब्दात. बाकी मी बघतो."

एका शब्दात सांगा म्हटलं आणि धरण फुटलं! पाणी सोडून सगळं वाहायला लागलं.

सरजाबाई म्हणाल्या, "आमचे व्हय? बोलतच न्हाईत. सकाळी 'हूं' म्हनले की सांजंला 'हूं'."

मौनी विल्यम! माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिलं: 'मौनी'.

नागुबाई म्हणाल्या, "आमचे लई भयंकर. ताटात मीठ कमी पडलं तर आढ्याची धूळ पडंस्तोवर वरडत्यात."

ईव्हान! लिहिलं: 'भयंकर'.

कोंडाबाईंना जमीन किती विचारलं, तर त्या आभाळाकडं बघून म्हणाल्या, "कसली जमीन अन् कसलं काय. हाय काय अन् न्हाई काय, सारखंच." इंग्लंडात जॉन नावाचा राजा होता. त्याच्या बापानं जमीन वाटली तेव्हा याच्या वाट्याला काहीच आलं नाही, म्हणून त्याला भूमिहीन म्हणायचे. मी लिहिलं: 'भूमिहीन'.

शिवगंगाबाईंचे मालक बस सुटल्यावर धोतर शोधायला लागायचे. ते 'बिनतयार' झाले. त्या नावाचाही इंग्लंडात एक राजा आहे, एथेलरेड म्हणून. धर्माबादकडून दिलेल्या लक्ष्मम्मा म्हणाल्या, "अय्यो, आमचे लई मंचोडु! वांगी आना म्हनलं तर दोडके आनत्यात, अन् वांगीच हाईत म्हून सांगत्यात." मंचोडु म्हणजे तेलुगूत चांगला माणूस. लिहिलं: 'भोळा'. एकीचे मालक मिसरी लावून लावून काळ्या दाताचे झालेले. एकीच्यांचा पटका उतरला की चेहरा कुठं संपतो ते कळायचं नाही. एकीला कणगीतलं धान्य काढायला स्वतःच चढावं लागायचं. काळदाती, टकल्या, बुटका!

शेवटची गेल्याच साली लग्न होऊन आलेली पोर होती. मान खाली घालून घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बरे हाईत की दिसायला."

फ्रान्सचा फिलिप देखणा! लिहिलं: 'देखणा'. बाकीच्या आठजणी एकदम गप्प झाल्या. ती शांतता मी नीट ऐकायला पाहिजे होती.

पण मी कुठला ऐकतो! परत जाताना टेकडीवरून खडी फोडणारी माणसं उतरताना दिसली. ऊन उतरलं होतं आणि धूळ सोन्यासारखी पिवळी झाली होती. त्या धुळीतून पटके बांधलेले एकामागून एक येत होते, खांद्यावर टिकाव घेऊन, कुणी घाई न करता. मला ते पटके मुकुटच दिसले. युरोपातलं अख्खं राजमंडळ दिवसभर आमच्या टेकडीवर खडी फोडून आता घरी निघालं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि त्यांना मनातल्या मनात मुजरा केला. इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात फार वेळा बघितलं नाही.

बुधवारी आपांनी यादी टाइप केली. टाइप करताना त्या अधूनमधून थांबत होत्या.

"निवृत्तीमियाँ, ये 'भयंकर' सरकारी शेऱ्यात बसतंय?"

"आपा, रशियात बसलं!"

नियमाप्रमाणे एक प्रत गावात लावायची होती, आक्षेप असल्यास कळवावेत म्हणून. मी ती दुपारच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली. संध्याकाळी ती नरसिंगाच्या देवळाच्या भिंतीवर लागली. मास्तरांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली, असं मला नंतर कळलं. दोनदा वाचली म्हणे. दुसऱ्यांदा लोकांच्या आग्रहावरून.

गुरुवारी कचेरी उघडली तेव्हा दारात नऊ नरसिंग उभे होते. आठ एकीकडं आणि एक बाजूला. त्या एकाशी कुणी बोलत नव्हतं. तो देखणा होता, हे सांगावं लागलं नाही.

मौनी पुढं आला. "मी बोलत न्हाई? मी? मी बोलत न्हाई?" आणि त्यानं जी सुरुवात केली ती पाऊण तास! त्यात त्याचं बालपण आलं, बहात्तरचा दुष्काळ आला, सासुरवाडी आली, म्हशीच्या खरेदीत कोण काय बोललं तेही आलं. शेवटी दम घ्यायला थांबला तेव्हा मी विचारलं, "मग घरात का बोलत नाही?"

"घरात मला बोलू कोन देतंय?"

भूमिहीनाचं म्हणणं होतं, की त्याच्या नावावर बारा एकर आहे. पोरीची सोयरीक ठरत आली होती आणि सकाळीच पाहुण्यांचा निरोप आला, की सरकारनं तुम्हाला भूमिहीन म्हटलंय, ते काय ते आधी कळू द्या. टकल्यानं कचेरीत पटका सोडला आणि मागच्या बाजूला उरलेले केस मला एकेक करून दाखवले. बुटका टाचा उंच करून बोलत होता. भोळा म्हणाला, "मला कायबी आक्षेप न्हाई. हे म्हनले चल, म्हून आलो." बिनतयार दुपारच्या बसनं येणार होता म्हणे. मग नऊ कसे भरले? नववा त्याचा चुलतभाऊ होता. त्याचंही नाव नरसिंग, पण तो दुसऱ्या गावचा!

सगळ्यांत शेवटी भयंकर पुढं आला. मी जरा मागं सरकलो. पण त्यानं हात जोडले. आवाज इतका मऊ, की मला कान पुढं करावा लागला.

"साहेब, नातू कालपासून जवळ येईना झालाय. मास्तरानं वाचलेलं ऐकलं त्यानं. मी वरडतो, खरं हाय. पर ते मिठापुरतं. ते कागदावर नका ठिवू."

मला वाईट वाटलं. उगाच नाही, खरंच वाटलं. ईव्हानच्या नातवाला काय वाटलं असेल, याचा विचार मी गोदावरीच्या घाटावर कधी केला नव्हता.

"मग तुम्हाला काय लिहू?" मी विचारलं.

"ते तुमीच बगा. पर चांगलं कायतरी."

मी त्याला माझ्याकडची सगळ्यांत चांगली उपाधी दिली. जी मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. मी लिहिलं: 'थोर'.

"थोर?" भूमिहीनानं मान वर केली. "ह्येला थोर? आन् मी?"

"मीबी थोर पायजे!" बुटका टाचांवर म्हणाला.

"मला बी तेच द्या," भोळा म्हणाला. "ह्यांना दिलंय ते."

एकानं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली. मी ती परत केली, हे सांगून ठेवतो. शेंगांनी मी फिरलो नाही. मी फिरलो ते त्या नऊ तोंडांकडं बघून. प्रत्येकाच्या घरात माझ्या एका शब्दानं चूल थंड झाली होती. आणि लोकांना थोर म्हणायला जातंय काय? मी उदार झालो. देखण्यालाही 'थोर' केलं, कारण त्याला गावात राहायचं होतं. बिनतयारालाही केलं, त्याच्या गैरहजेरीत.

शुक्रवारी आपांनी यादी परत टाइप केली. शेऱ्याचा रकाना करताना त्यांची बोटं एकाच जागी पडत राहिली. झाल्यावर त्यांनी कागद काढला, माझ्याकडं बघितलं, परत कागदाकडं बघितलं.

"मियाँ, मी काय बोलत नाही."

"बोलू नकाच, आपा! आज सगळे खूश आहेत!"

मी त्या दुपारी पोत्यांवर बसून छान पेंगलो. डोळ्यांपुढं नऊ राजे नऊ घोड्यांवरून चालले होते आणि प्रत्येकजण जाताना माझ्याकडं बघून मान झुकवत होता.

शनिवार उजाडला. सिद्रामप्पा साहेब आणि मी जीपनं गावात पोचलो. लिंबाखाली खुर्ची टाकली होती. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, आणि मधे त्याच घागरी रांगेत. साहेबांनी चष्मा लावला आणि हजेरी सुरू केली.

"नरसिंग ग्यानोबा बिरादार. थोर."

"हजर!" नऊ आवाज आले.

साहेब थांबले. "एकेकानं. नरसिंग ग्यानोबा बिरादार. थोर."

"हजर!" परत नऊ.

साहेबांचं बोट कागदावरून खाली खाली सरकत गेलं. थोर. थोर. थोर. थोर. शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं तेव्हा माझ्या डोक्यातले घोडे एकदम थांबले. नऊ राजे घोड्यांवरून उतरले, आणि सगळ्यांची तोंडं एकसारखी होती!

"निवृत्ती," साहेब अगदी शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "सोमवारी नऊ येळा एक नाव व्हतं. आज नऊ येळा एक नाव आन् एक शेरा हाय. आठवडाभर केलं काय तू?"

मी काय सांगणार? युरोप सांगू?

साहेबांनी पेन काढलं. तांबडं. "माझ्या हातात काय न्हाई बाबांनो. ह्यो कागद मी वर दिला तर आठ नावं जानार. दुसरी खेप शेजारच्या गावाला."

कुणी काही बोललं नाही. मौनीसुद्धा! मी घागरींकडं बघितलं. एका घागरीत तळाला कोरडं पान पडलं होतं. गावाला पावसाळ्यापर्यंत पुरेसं पाणी मिळणार की नाही, ते माझ्या एका रकान्यावर अडलं होतं आणि मी त्या रकान्यात राजे खेळवत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली. पुस्तकात कुठल्याच राजाला ही उपाधी नाही, पण मला त्या क्षणी 'निर्लज्ज' हीच आठवली.

तेवढ्यात सरजाबाई उठल्या. पदर सावरून सरळ साहेबांच्या खुर्चीपुढं आल्या.

"साहेब, एक इचारू का?"

"इचारा की."

"पानी कोन आनतंय?"

"टँकर आनतंय."

"टँकर आडापत्तर. आडापासून घरापत्तर कोन?"

साहेब बुचकळ्यात पडले. "तुमीच की."

"मग ह्या बाप्यांची नावं कशापायी लिवायली? ह्यांनी जन्मात कवा घागर उचलली न्हाई. माझं नाव सरजाबाई हाय. गावात सरजाबाई एकच!"

"ते खरं हाय, मावशी. पर सरकारी फॉर्म हाय. त्यात कुटुंबप्रमुखाचंच..." साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. हे ते कधी करतात ते मला माहीत होतं.

"निवृत्ती, हिकडं ये. वरचा मथळा वाच. मोठ्यानं."

मी वाचला. आयुष्यात पहिल्यांदा.

"पाणी नेणाऱ्या व्यक्तीचे नाव."

साहेब म्हणाले, "ह्यो फॉर्म तू कवा वाचला व्हतास?"

मी म्हणालो, "आत्ता."

मग कोरा फॉर्म काढला आणि लिंबाखाली मांडी घालून बसलो. एकेक बाई पुढं आली. सरजाबाई. नागुबाई. कोंडाबाई. शिवगंगाबाई. लक्ष्मम्मा. नऊच्या नऊ निराळी नावं, काही करावं न लागता! प्रत्येकजण आपलं नाव सांगताना जरा थबकायची, मग जरा मोठ्यानं सांगायची. नागुबाईंनी तर दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा नवऱ्याकडं बघून. शेवटची ती नवी पोर आली आणि म्हणाली, "आनुसया." मला वाटतं, सासरी आल्यापासून तिचं नाव तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेऱ्याचा रकाना मी रिकामा सोडला.

"मावशी, मंगळवारीच का नाही सांगितलं हो?" मी सरजाबाईंना हळूच विचारलं.

"तुमी मालकाचं इचारलं, गावाचं इचारलं, मालक कसा हाय ते इचारलं," त्या म्हणाल्या. "आमचं नाव तुमी इचारलंच न्हाई की."

साहेबांनी तिथंच निळ्या शाईनं सही केली.

पुढच्या बुधवारी दुपारची खेप सुरू झाली. मी मुद्दाम बघायला गेलो. टँकरचा पाइप आडात सोडला, तेव्हा आधी नुसता आवाज आला, खोल खोल पडत जाणारा. सगळ्या बाया काठावर वाकून तो ऐकत उभ्या राहिल्या. मीही वाकलो. मला गोदावरी आठवली, घाट आठवला. पाणी चढत आलं तशी त्यात लिंबाची फांदी दिसायला लागली, मग आभाळाचा तुकडा, मग नऊ तोंडं. या वेळी राजे आले नाहीत. मी त्यांची वाटही बघितली नाही. भयंकर नरसिंग नातवाला खांद्यावर घेऊन आला होता आणि मौनी नरसिंग टँकरच्या ड्रायव्हरला बहात्तरचा दुष्काळ सांगत होता.

ड्रायव्हरला खेपेच्या कागदावर सही पाहिजे होती. त्यानं सरजाबाईंना विचारलं, "मावशी, ह्या गावचं टंचाईचं साहेब कोन हाय?"

माझे कान टवकारले. छाती जराशी पुढं आली. आता ही बाई नाव घेणार! नवऱ्याचं घेत नाही, पण माझं घ्यायला तिला काय अडचण? आणि नावापुढं एखादी उपाधी लागलीच तर ती कोणती असणार, हे मला ठाऊक होतं. नऊ जणांना वाटून झाल्यावर एक तरी उरली असेलच!

सरजाबाईंनी घागर कमरेवर घेतली आणि हनुवटीनं माझ्याकडं खूण केली.

"त्यो काय हुबा हाय. निवृत्ती इचारलंच-न्हाई."

सगळ्या बाया हसल्या. सगळ्यांत आधी आनुसया. मी सही केली आणि शिरूरपर्यंतचे तीन मैल चालत आलो. नाव माझ्या आधी बसनं लातूरला पोचलं असावं. गुरुवारी कचेरीत गेलो तर माझ्या पोत्याला आपांनी टाइप केलेली माझ्या नव्या नावाची चिठ्ठी लावलेली होती. मी ती मथळ्यापासून वाचली.

युरोपातल्या बऱ्याच राजांना त्यांच्या पदव्या मेल्यावर मिळाल्या. मला माझी सव्विसाव्या वर्षीच मिळाली आणि ती अजून टिकून आहे. सुट्टीत नांदेडला घरी जाऊन बायकोला मी ही सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं वर न बघता एवढंच म्हटलं, "एवढ्या लांबच्या बायकांनासुद्धा कळलं म्हणायचं!"